चौदाचा बोल्ट

गाडी २००८ची वॅगन आर. एका सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तर बॉनेटखालून नुसतं ‘टक्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. हेडलाइट लावून सेल मारून पाहिला. बॅटरी उतरली असती तर दिव्यांनी लगेच मान टाकली असती, पण दिवे जराही मंदावले नाहीत. म्हणजे दुखणं सेल्फचं, इंजिन चालू करणाऱ्या मोटरचं. वॉचमन आणि दूधवाला यांनी मिळून धक्का मारला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी तशीच ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने टॉमीचं, म्हणजे लोखंडी सळईचं, टोक सेल्फवर टेकवून हातोडीने दोन हलक्या टपल्या मारल्या आणि किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू.

“सेल्फला आत वीज पोचवणारे कार्बन झिजून संपलेत,” तो म्हणाला. “अशा टपल्या मारत आठवडाभर ढकलाल. पण सेल्फ काढावा लागणार.”

त्याच्या टपरीसमोर रस्ता खोदलेला, गाडी लावायला जागा नाही. “काढून आणून द्या, तासाभरात कार्बन आणि बुश बदलून देतो.” दोन बोल्ट, दोन वायरी. व्हिडिओ पाहिला तर अकरा मिनिटांचं काम. मला तीन रविवार लागले.

पहिल्या रविवारी मी जोरात होतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला १०८ तुकड्यांचा डबा माळ्यावरून काढला. जपमाळेत मणी असतात तेवढे तुकडे, त्यातले शंभर तरी कोरे करकरीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. हे मात्र आधी करायचंच. बॅटरीकडून सेल्फला येणाऱ्या जाड वायरीच्या वाटेत फ्यूज नसतो. निगेटिव्ह जोडलेली असताना त्या टर्मिनलवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर त्यातून धावतात आणि पाना जागीच वेल्ड होऊ शकतो.

मग हात आत घातला.

वॅगन आरचं नाक आखूड. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या कोपऱ्यात सेल्फ बसलाय. एक बोल्ट वरून दिसतो, दुसरा खालून, आणि दोघांपर्यंत पोचताना केबली, पाइप आणि वायरिंगचा गठ्ठा आडवे येतात. वरच्या बोल्टाच्या डोक्यासमोर जेमतेम दोन इंच मोकळी जागा, मग एक लोखंडी ब्रॅकेट. माझ्या डब्यातला अर्धा इंची रॅचेट, म्हणजे एकाच दिशेला पकड घेणारी दांडी, आणि बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी १४ची गोटी जोडून मोजली तर पावणेतीन इंच. संपलं. एवढा भारी डबा, आणि पहिल्याच बोल्टापाशी त्यातली सगळ्यात महागडी वस्तू बाद.

राहिला घरातला जुना फिक्स पाना, १४-१५. वरच्या बोल्टाला तो लागला पण फिरेना, म्हणून आधी खालचा काढू म्हटलं. तो दिसत नव्हता. टॉर्च दातात धरून, गाल फेंडरला टेकवून, चाचपडत पाना लावला आणि जोर दिला. पाना सटकला आणि माझी बोटं गिअरबॉक्सच्या कास्टिंगवर आपटली. तीन बोटांची सालटी गेली. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. बाहेर काढून पाहतो तर मी १५चं तोंड लावत होतो. आपल्याकडचे दुतोंडी पाने असे शेजारच्या नंबरांच्या जोडीने येतात: १०-११, १२-१३, १४-१५. उजेडात ही सोय वाटते. अंधारात एक मिलीमीटरचा फरक हाताला कळत नाही आणि बोल्टाचे कोन मात्र झिजतात.

मी बोटांवर हळद दाबून बसलो होतो तेवढ्यात शेजारचे काका पेपर घेऊन आले. ते एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. पार्किंगमध्ये कोणाचंही बॉनेट उघडं दिसलं की यायचंच, असा त्यांचा शिरस्ता आहे. सहसा ते बोलत नाहीत, बघतात. त्या दिवशी माझी बोटं बघून बोलले.

“आधी पाना घातलास का?”

“मग काय घालू?”

“बोट घाल. डोकं कुठंय, समोर किती जागा, कुठल्या बाजूला पाना फिरेल, हे बोटाला विचार. मग पाना निवड. आणि हा पंधराचं तोंड असलेला पाना या गाडीजवळ आणलासच कशाला? जपानी पद्धतीची गाडी ही. दहा, बारा, चौदा, सतरा. बास.”

हे मला खरंच माहीत नव्हतं. ८ मिलीमीटरच्या बोल्टाला जपानी पद्धतीत डोकं १२चं असतं, युरोपीय पद्धतीत १३चं. १० मिलीमीटरच्या बोल्टाला जपानी डोकं १४चं, तिकडचं १७ किंवा १६चं. काकांची हयात टाटा आणि लेलँडच्या गाड्यांखाली गेलेली, त्यामुळे त्यांच्या पेटीत तेरा-सतराची चलती. माझ्या गाडीत मात्र चार नंबरांनी बहुतेक सगळं काम भागतं. अरुंद जागेसाठी वेगळे पाने घ्यायचे तर या चारच नंबरांचे घ्यावेत. अख्खा सेट घेण्याचं कारण नाही. हे गणित मला १०८ तुकडे घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग काकांनी घरून उदबत्तीची काडी आणायला लावली. काडी बोल्टाच्या डोक्यावर टेकवली, ब्रॅकेटला अडली तिथे मोडली. ही झाली समोरची जागा. मग पाना बोल्टाला लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची शेपटी किती हलते ते दुसऱ्या काडीने मोजलं. एका बाजूला गिअरबॉक्स, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाइप, मध्ये चार बोटं. सात सेंटीमीटर.

“याच्यात तुझा पाना फिरणारच नाही,” काका म्हणाले, आणि पेपरच्या कोऱ्या मार्जिनवर षटकोन काढला.

नटाला सहा बाजू, म्हणजे दर ६० अंशांनी पान्याला नवी पकड मिळते. सरळ तोंडाच्या पान्याला एका दमात ६० अंश फिरावं लागेल, तरच तो काढून पुन्हा लावता येईल. म्हणून त्याचं तोंड दांडीला १५ अंश तिरकं ठेवलेलं असतं. ३० अंश फिरवायचा, काढायचा, पालथा करून पुन्हा लावायचा. पालथा केला की तिरकेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि मधले ३० अंश भरून निघतात. इतकी वर्षं मला वाटायचं ते तिरकं तोंड हाताला बरं पडावं म्हणून असतं. रिंग पान्याला आत बारा कोन असतात, म्हणजे त्यालाही ३० अंश लागतात, फक्त पालथं करायची भानगड नाही.

आता ३० अंश म्हणजे किती? वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याचं टोक ३० अंशांत साडेदहा सेंटीमीटर सरकतं. माझ्याकडे सात होते, म्हणजे २० अंश. साडेतीन सेंटीमीटरसाठी माझा अख्खा रविवार गेला होता.

“मग आखूड पाना घेतो,” मी म्हणालो. “पाइपापर्यंत पोचणारच नाही असा.”

“आखूड पान्याने हा फुटेल? सोळा वर्षं बसलाय तो तिथे.”

इथे काकांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं. बोल्ट काढणं हे एक काम नाही, दोन कामं आहेत. आधी तो फोडायचा, म्हणजे त्याची धरून बसलेली पकड सोडवायची, मग फिरवायचा. फोडायला लांब दांडी आणि चहूबाजूंनी पकडणारी रिंग लागते, पण फिरायला जागा फार लागत नाही. थोडा हलला की काम झालं. फिरवायला ताकद लागत नाही, लागतो तो कमी जागेत पुन्हा पुन्हा पकड घेणारा पाना. दोन्ही गुण एका पान्यात शोधत बसलास तर फसशील. लांब रिंगने २० अंश मिळतात ना? फोडायला बक्कळ झाले. त्याच्यापुढे दुसरा पाना.

खालच्या बोल्टावर रॉकेलमिश्रित तेल टाकून त्या दिवशीचं दुकान बंद केलं. आठवडाभर ऑफिसला स्कूटर.

दुसऱ्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि पाने घ्यायला मला तो कुठल्याही चकचकीत दुकानापेक्षा आवडतो. तिथे पाने पोत्यावर ओतलेले असतात. काकांच्या सांगण्यावरून खिशात १४ डोक्याचा एक नवा बोल्ट नेला होता. पाना उचलायचा, बोल्टाला लावायचा, डावी-उजवीकडे हलवून बघायचा. डगडगला तर ठेवून द्यायचा. मग रिंग उन्हात धरून आतले कोन बघायचे. धार गेलेली, गोल झालेले कोन लगेच चमकतात. क्रोम उडून पापुद्रे आलेला पाना घेऊ नये, हात कापतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिंगेची भिंत. चांगल्या पोलादाची रिंग पातळ असूनही फाकत नाही. हलका माल पोलादाची उणीव जाडीने भरून काढतो, आणि नेमकी तीच जाडी अडचणीच्या जागी आत शिरत नाही. दुकानात ती दणकट वाटते म्हणून आपण तीच उचलतो.

तिथे साठ रुपयांत एक जुना टपारियाचा रिंग पाना मिळाला. नाशिकच्या सातपूरचा माल, दांडीवर कोणा मेकॅनिकने छिन्नीने मारलेल्या तीन खुणा. रिंग दांडीच्या बरीच खाली उतरलेली, म्हणजे डोक्यावर बसवली तरी दांडी आणि हात आजूबाजूच्या वस्तूंच्या वरून फिरतात. अर्धचंद्रासारखा वाकवलेलाही एक पाना दिसला. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या जुडग्याच्या, मागे दडलेल्या नटासाठी तो करतात. हातात घेऊन पाच मिनिटं खेळलो आणि ठेवला. नंबर १३-१५ होता, आणि आता मी शहाणा झालो होतो.

नाना पेठेतून रॅचेट रिंग पाना नवा घेतला, साडेचारशेला, फक्त १४ नंबरचा. आत ७२ दाते, म्हणजे दर ५ अंशांनी पकड. वीस सेंटीमीटरच्या टोकाला हिशेब केला तर पावणेदोन सेंटीमीटर. माझ्याकडे सात. मी खूश. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले होते: एक साधा, ज्याची दिशा बदलायला पाना पालथा करावा लागतो, आणि एक बारीक खटका असलेला. साधा जरा पातळ होता, शंभर रुपयांनी स्वस्त होता. अरुंद जागा आहे, पातळच बरा, म्हणून साधा घेतला.

घरी आलो. जुन्या बाजारातली रिंग वरच्या बोल्टावर बसवली, दोन्ही हातांनी दांडी ओढली. आधी काहीच नाही. मग ‘कट्’. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला कळेल. बोल्ट फुटला की मनगटात काहीतरी सैल होतं. रिंग काढली, रॅचेट लावला आणि टिक-टिक-टिक करत फिरवायला लागलो. पंख्याचं रेग्युलेटर फिरवावं इतकं सोपं. काका नव्हते याचं मला वाईट वाटलं.

साधारण दीड मिनिटाने पाना थांबला.

बोल्ट फिरत फिरत बाहेर येत होता, पाना त्याच्या डोक्यावर, आणि दोन इंचांपलीकडे ते ब्रॅकेट. बोल्टाचं डोकं ब्रॅकेटला टेकलं. आता पाना डोक्यावरून उचलता येईना, कारण वर जागा नाही. बोल्ट परत आत घालावा तर पाना पालथा करायला हवा, आणि पालथा करायला तो आधी काढायला हवा. उलट दिशेला नुसता टिक-टिक. सेल्फ, बोल्ट आणि माझे साडेचारशे रुपये एकमेकांत अडकून बसले. शंभर रुपयांचा तो खटका असता तर नुसता दाबून बोल्ट चार आटे मागे नेला असता.

काका तेवढ्यात आलेच. वाकून पाहिलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

“हे ब्रॅकेट कशाने बसवलंय?” त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी ते भिंतीसारखं धरून चाललो होतो. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, दोन क्लिपा आणि एक स्क्रू, तर खाली ब्रॅकेटचे दोन बोल्ट, दोन्ही १०चे, समोर लख्ख उजेडात. चार मिनिटांत ब्रॅकेट बाहेर. पाना सुटला, वरचा बोल्ट हातात आला. मी तिथे १०८ तुकड्यांच्या डब्यातला अर्धा इंची रॅचेट लावून पाहिला, न राहवून. बसला. आता समोर भरपूर जागा होती, आणि त्याच्या दात्यांना लागणारे १५ अंशही त्या सात सेंटीमीटरांत मावत होते. म्हणजे सुरुवातीला फिल्टरचा डबा काढला असता तर जुना बाजार नाही, नाना पेठ नाही, उदबत्त्या नाहीत. काका काही बोलले नाहीत. मीही नाही.

खालचा बोल्ट, ज्याचे कोन मी खाल्ले होते, त्याची धास्ती होती. पुढची चाकं जॅकने उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, याबाबतीत काका एस.टी.तल्या साहेबासारखे कडक आहेत. स्टँड हलवून बघितल्याशिवाय त्यांनी मला सतरंजीवर आडवं होऊ दिलं नाही. खालून पाहिलं तर बोल्ट आणि माझ्यामध्ये एक लांबट बोगदा होता. हात जाईना, पण सळई जाईल. इथे डब्याने इज्जत राखली. १४ची गोटी, तिला कुठल्याही बाजूला वळणारा युनिव्हर्सल जॉइंट, त्याला एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन. सगळं जोडून दीड-पावणेदोन फुटांचा साप. बोल्टाशेजारी जागा नसेल तर हँडल जिथे जागा आहे तिथे न्यायचं. वरून खुरडत बसण्यापेक्षा हे किती सोपं, हे खाली झोपल्यावर कळलं.

जॉइंट मात्र लुळा पडतो. गोटी बोल्टापर्यंत न्यायला जावं तर ती मान टाकते. काकांनी जॉइंटवर इन्सुलेशन टेपचे तीन वेढे दिले. आता तो वाकवला तर वाकतो, पण सोडला तर तसाच राहतो. गोटी बरोबर डोक्यावर बसली. डब्यातल्या गोट्या सहा कोनी निघाल्या, हे माझं नशीब. बारा कोनी गोटी बोल्टाच्या कोपऱ्यांना धरते, आणि माझ्या बोल्टाला कोपरे फारसे उरलेच नव्हते. सहा कोनी गोटीची पकड सपाट बाजूंवर येते. हळू, धक्का न देता, जोर वाढवत नेला. ‘कट्’.

मागच्या वायरीचा नट १२चा, रबरी टोपीखाली. तो दोन मिनिटांत. सेल्फ हातात आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एवढासा दिसतो, पण उताणं झोपून छातीवर घेतला की त्याचं वजन कळतं.

इलेक्ट्रिशियनने साडेसहाशे घेतले. कार्बन दाखवले, झिजून करंगळीच्या नखाएवढे झालेले. खालच्या बोल्टाच्या जागी नवा घेतला, तोच जो मी बाजारात खिशात घेऊन फिरत होतो. लांबी जुळली.

तिसरा रविवार बसवायचा. काढणं सोपं वाटावं असं काम. लांब सापाच्या टोकाशी गोटीत बोल्ट ठेवला की तो पडतो. वर्तमानपत्राचा कपटा गोटीवर ठेवून त्याच्यावरून बोल्ट दाबला, घट्ट बसला. पहिले तीन-चार आटे रॅचेट न लावता, नुसतं एक्स्टेन्शन बोटांनी फिरवून घ्यायचे, म्हणजे बोल्ट तिरका शिरत असेल तर बोटांना कळतं. रॅचेटला कळत नाही, तो आटे खात पुढे जातो. वरचा बोल्ट हाताने लावला, मग रॅचेट रिंगने आत नेला. आत जाताना तो पाना अडकायचा प्रश्न नव्हता. शेवटचं आवळणं साठ रुपयांच्या रिंगने. ब्रॅकेट, फिल्टरचा डबा, सगळ्यात शेवटी बॅटरीची निगेटिव्ह. किल्ली फिरवली. सेल इतक्या जोरात बसला की मी दचकलो.

काका जायला निघाले तेव्हा त्यांनी माझा तो १४-१५ मागितला. खालच्या कोपऱ्यात वॉचमनच्या खोलीबाहेर प्लंबरचा ग्राइंडर होता, बादलीत पाणी. त्यांनी पंधराचं तोंड दांडीसकट अर्ध्यातून कापायला घेतलं. थोडं कापायचे, पाण्यात बुडवायचे. तापून निळा पडला तर पोलाद मऊ होतं, म्हणाले. दापोडीला प्रत्येकाच्या पेटीत असे दोन-चार कापलेले, वाकवलेले पाने असायचे, कोणत्या गाडीच्या कोणत्या नटासाठी ते फक्त मालकाला ठाऊक. कड घासून, अंगठ्याने तपासून त्यांनी मला १४चा बुटका पाना परत दिला, दहा सेंटीमीटरचा. तो डब्याच्या कुठल्याच खाचेत बसत नाही, वर ठेवला तर झाकण लागत नाही.

पंधराचं तोंड त्यांनी रुमालात गुंडाळलं. “त्याचं काय करणार?” मी विचारलं.

“बघू,” म्हणाले, आणि पेपर काखेत मारून जिना चढायला लागले.